विमानाच्या केबिनमधला ओझोन: तो आत कसा येतो आणि कुठे अडतो

विमान ३९,००० फुटांवर स्थिरावलं की खिडकीबाहेरचं तापमान उणे ५६ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाचा जेमतेम पाचवा हिस्सा. त्या हवेत उघड्यावर माणसाचं भान पंधरा-वीस सेकंदांत सुटू लागतं. तरीही केबिनमध्ये आपण श्वासात घेतो ती हवा तिथलीच असते. जमिनीवरून टाक्या भरून हवा नेत नाहीत. इंजिनं बाहेरची हवा खेचून दाबतात, पुढची यंत्रणा ती थंड करून आत सोडते आणि जुनी हवा शेपटीकडच्या झडपेतून बाहेर जाते. प्रवास संपेपर्यंत हे असंच चालू असतं.

दाब वाढवता येतो, तापमान जुळवता येतं. त्या हवेत मिसळलेले वायू मात्र तिच्यासोबत आत येतात. एरवी याची फिकीर करायचं कारण नसतं, कारण धूळ आणि धूर पाहिला तर दहा-बारा किलोमीटरवरची हवा शहरातल्या हवेपेक्षा कितीतरी स्वच्छ. गोची होते ती ओझोनची. शहरात दुपारच्या उन्हात, वाहनांच्या धुरामुळे ओझोन ६० ते १०० पीपीबीपर्यंत गेला तर हवा वाईट म्हणतात. पीपीबी म्हणजे हवेच्या एक अब्ज रेणूंमागे ओझोनचे किती रेणू. लांब पल्ल्याच्या विमानाबाहेर हाच आकडा ३००, ५००, कधी त्याहूनही वर जातो, आणि तिथे ना वाहनं असतात ना धूर.

फूट मोजून उपयोग नाही

पहिला गैरसमज उंचीचा. ‘जितकं वर तितका जास्त ओझोन’ हे अर्धंच खरं आहे. एकाच दिवशी, एकाच उंचीवर उडणाऱ्या दोन विमानांपैकी एकाबाहेर ४० पीपीबी आणि दुसऱ्याबाहेर ५०० पीपीबी ओझोन असू शकतो. फरक पडतो तो तपस्तब्धीमुळे.

शाळेच्या भूगोलात हे थर येऊन गेलेले असतात. जमिनीलगतचा थर तपांबर: ढग, पाऊस, वादळं सगळी तिथे, आणि वर जावं तसं तापमान घटत जातं. त्यावर स्थितांबर: तिथे तापमान घटायचं थांबतं आणि पुढे वाढू लागतं. दोन्हींमधली सीमा म्हणजे तपस्तब्धी. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे ओझोन तयार होतो तो स्थितांबरात, आणि खालच्या दमट, ढवळल्या जाणाऱ्या हवेत तो फार मिसळत नाही. म्हणून तपस्तब्धी ओलांडली की ओझोन हळूहळू वाढत नाही, उडी मारतो. खाली ५०-८० पीपीबी असेल तर सीमेपासून दोन-तीन किलोमीटर वर कित्येकशे पीपीबी होतो. आणि ही तर ओझोन थराची निव्वळ पायरी. त्याचं हवेतलं प्रमाण सर्वाधिक होतं ते ३०-३५ किलोमीटरवर, जिथे ते अब्जात नव्हे, दशलक्षात मोजतात.

ही सीमा सगळीकडे एका उंचीवर नसते. विषुववृत्ताजवळ ती १६-१७ किलोमीटरवर, ध्रुवांकडे आठ-नऊ किलोमीटरवर आणि मधल्या अक्षांशांत दहा-बाराच्या आसपास. प्रवासी विमानं साधारण ९ ते १२.५ किलोमीटरवर उडतात. म्हणजे उष्ण कटिबंधात विमान कितीही वर गेलं तरी तपांबरातच राहतं, आणि त्या भागातल्या प्रवासात ओझोनचा प्रश्न जवळपास उद्भवतच नाही. उत्तर अटलांटिक, उत्तर प्रशांत आणि ध्रुवाजवळून जाणाऱ्या मार्गांवर मात्र तेच विमान तासन्‌तास स्थितांबरात असतं.

शिवाय ही सीमा हलती आहे. वरच्या हवेतला कमी दाबाचा पट्टा सरकला की त्याच्यामागे तपस्तब्धी खाली घसरते. जेट प्रवाह म्हणजे वरच्या हवेतली वेगवान वाऱ्याची नदी, आणि तिच्या दोन काठांवर दोन वेगळ्या हवा असतात: ध्रुवाकडच्या बाजूला स्थितांबराची, विषुववृत्ताकडच्या बाजूला तपांबराची. तिच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर गेलं की उंची एक फूटही न बदलता बाहेरचा ओझोन पाचपट होऊ शकतो.

ऋतूचाही हात असतो. ओझोन मुख्यतः उष्ण कटिबंधावर, उंचावर तयार होतो आणि हिवाळ्यातलं संथ अभिसरण त्याला ध्रुवांकडे नेऊन खाली उतरवतं. हिवाळाभर तिकडे साठा होत जातो. उत्तर गोलार्धात हा साठा सर्वांत मोठा असतो फेब्रुवारी ते मे या काळात, आणि शरद ऋतूत सर्वांत कमी. त्यामुळे तोच मार्ग, तीच उंची, तेच विमान घेतलं तरी मार्च-एप्रिलचा प्रवास आणि ऑक्टोबरचा प्रवास ओझोनच्या दृष्टीने दोन निराळे प्रवास ठरतात.

हे सगळं वैमानिकाला कागदावर दिसतं, फक्त कोणी त्या नजरेने बघत नाही. उड्डाणापूर्वी मिळणाऱ्या वरच्या हवेच्या नकाशात जागोजागी छोट्या चौकटींत तीन आकडी संख्या छापलेल्या असतात. चौकटीत ३४० लिहिलं असेल तर त्या ठिकाणी तपस्तब्धी ३४,००० फुटांवर आहे. विमान ३८,००० फुटांवरून जाणार असेल तर ते तिथे स्थितांबरात चार हजार फूट आत असेल. चौकटीत ५२० असेल तर विमान सीमेच्या खूप खाली आहे. ओझोनचा ढोबळ अंदाज बांधायला एवढी वजाबाकी पुरते.

आणखी एक गोष्ट. लांबच्या प्रवासात विमान सुरुवातीला इंधनाने जड असतं म्हणून ३१ किंवा ३३ हजार फुटांवरून निघतं आणि इंधन जळेल तसं दोन-दोन हजार फुटांनी वर चढत जातं. म्हणजे ओझोनचा सर्वाधिक मारा बहुधा प्रवासाच्या उत्तरार्धात होतो, आधीच हवा कोरडी होऊन घसा सुकलेला असताना.

बाहेर हवा विरळ, मग आत इतका ओझोन कसा?

हा प्रश्न रास्त आहे. बाहेरची हवा इतकी विरळ की त्यातल्या ओझोनचं वजन ते किती! पण पीपीबी हे प्रमाण आहे, आणि हवा दाबल्याने प्रमाण बदलत नाही. चहा आटवला की पाणी उडून साखर दाट होते. इथे तसं होत नाही, सगळेच रेणू एकत्र जवळ येतात. ३९,००० फुटांवर दाब साधारण १९७ हेक्टोपास्कल. केबिनमध्ये तो ७५२ च्या आसपास ठेवतात, म्हणजे ८,००० फूट उंचीच्या डोंगरावर असेल तितका. दाब जवळजवळ चौपट झाला, पण तापमानही उणे ५६ वरून २२ अंशांवर आलं, त्यामुळे हवा प्रत्यक्षात साधारण २.८ पट दाट झाली. बाहेरच्या एका लिटरमध्ये ओझोनचे जितके रेणू, त्याच्या २.८ पट केबिनच्या एका लिटरमध्ये, मध्ये काही नष्ट झाले नाहीत तर.

इंजिनाच्या कॉम्प्रेसरमध्ये हवा दोनशे अंशांच्या घरात तापते. ओझोन नाजूक रेणू. मग एवढ्या उष्णतेत तो मोडत नाही का? थोडा मोडतो, पण हवा त्या गरम नळीत सेकंदाच्या अंशभर असते. पुरेसा मोडायला एकतर बराच वेळ हवा, नाहीतर कितीतरी जास्त तापमान. काँकॉर्ड हे विमान ६०,००० फुटांपर्यंत, भरपूर ओझोनच्या हवेत उडायचं, पण त्याच्या वेगामुळे कॉम्प्रेसरमधली हवा इतकी तापायची की बराचसा ओझोन तिथेच संपायचा. आवाजापेक्षा कमी वेगाच्या विमानाला ही सवलत नाही.

हा प्रश्न ऐरणीवर आला तो १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात. ७४७ एसपी हे आखूड शरीराचं, लांब पल्ल्याचं बोइंग १९७६ मध्ये सेवेत आलं. ते न थांबता प्रशांत महासागर ओलांडायचं आणि इतरांपेक्षा उंच उडायचं. हिवाळ्याच्या अखेरीस त्यातले कर्मचारी आणि प्रवासी खोकला, छातीत दुखणं, घसा खवखवणं अशा तक्रारी करू लागले. नासाने १९७५ ते १९७९ या काळात प्रवासी ७४७ विमानांवर उपकरणं बसवून वरच्या हवेची मोजमापं केली होती. ती मोजमापं आणि या तक्रारी यांतून १९८० मध्ये अमेरिकेचा नियम आला. पुढे १९९४ पासून युरोपात मोझाइक प्रकल्पात ए-३४० विमानांवर अशीच उपकरणं बसली; वरच्या हवेतल्या ओझोनबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातलं बरंच या प्रवासी विमानांनीच गोळा केलेलं आहे.

शरीरात काय होतं

ओझोन पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाक-घशात पूर्ण अडकत नाही, खोल जातो. फुप्फुसांच्या आतल्या पातळ द्रवाच्या थराशी त्याची प्रक्रिया होते आणि तिथल्या मज्जातंतूंची टोकं चिडतात. मग पूर्ण श्वास घेताना खोकला येतो, छातीच्या मधल्या हाडामागे आवळल्यासारखं वाटतं, श्वास अर्ध्यावर अडल्यासारखा होतो. केबिनची हवा कोरडी असते, आर्द्रता १० ते २० टक्के, त्यामुळे डोळे आणि नाक तसेही चुरचुरतात. दोन्हींत गल्लत होते. नुसत्या कोरडेपणाने खोल श्वास घेताना खोकला येत नाही आणि छाती आवळत नाही. पाणी पिऊन, डोळ्यांत थेंब घालून तो कमी होतो. ओझोनचा त्रास पाण्याने हटत नाही.

वासावर भिस्त ठेवू नये. ओझोनचा वास, फोटोकॉपी यंत्राजवळ येतो तसा उग्र-गोडसर, १०-२० पीपीबीलाही लागू शकतो, पण नाक काही मिनिटांतच त्याला सरावतं. ‘आता वास येत नाही, म्हणजे गेला’ हा निष्कर्ष चुकीचा.

मात्रा ठरते तीन गोष्टींवर: हवेतलं प्रमाण, किती वेळ, आणि मिनिटाला किती लिटर श्वास. तिसरी गोष्ट बहुतेक चर्चांत विसरली जाते. झोपलेला प्रवासी मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो; अरुंद वाटेतून भरलेली ट्रॉली ढकलणारे कर्मचारी त्याच्या दोन-तीन पट. एकाच केबिनमध्ये, एकाच वेळी, दोघांच्या फुप्फुसांत जाणारा ओझोन वेगळा. त्यात कर्मचारी आठवड्यातून अनेकदा उडतात. प्रयोगशाळेत निरोगी तरुणांना मधूनमधून व्यायाम करायला लावून ६.६ तास ६० ते ८० पीपीबी ओझोनमध्ये ठेवलं तेव्हा त्यांच्या श्वासाची क्षमता मोजता येईल इतकी घटली होती. हे आकडे लक्षात ठेवा, कारण विमानाची मर्यादा यापेक्षा सैल आहे.

नियम आणि त्यातल्या मेखा

अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा नियम थोडक्यात असा. ३२,००० फुटांच्या वर असताना केबिनमधला ओझोन कोणत्याही क्षणी ०.२५ पीपीएमच्या वर जाता कामा नये, म्हणजे २५० पीपीबी. आणि २७,००० फुटांच्या वर असतानाच्या काळात वेळेनुसार काढलेली सरासरी ०.१ पीपीएमच्या, म्हणजे १०० पीपीबीच्या वर नको. विमान प्रमाणित करताना ही सरासरी कोणत्याही तीन तासांवर तपासतात; विमान कंपनीच्या रोजच्या उड्डाणांसाठी चार तासांहून लांब टप्प्यांना ती लागू होते. युरोपच्या प्रमाणन नियमांतही हेच आकडे आहेत. तुलनेसाठी: जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची मार्गदर्शक मर्यादा आठ तासांच्या सरासरीत १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे ढोबळमानाने ५० पीपीबी.

पहिली मेख नियमातल्या ‘समुद्रसपाटीच्या तुल्य’ या शब्दांत आहे. नियमातले आकडे २५ अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर पाऱ्याचा दाब धरून आहेत. ८,००० फूट तुल्य केबिनमध्ये हवा विरळ, म्हणून तिथला प्रत्यक्ष पीपीबी आकडा साधारण ०.७५ ने गुणायचा आणि मग मर्यादेशी ताडायचा. म्हणजे केबिनमध्ये उपकरणाने १३० पीपीबी दाखवले तरी नियमाच्या भाषेत ते ९८ होतात. यात लबाडी नाही, फुप्फुसात जाणाऱ्या रेणूंची संख्या हाच खरा निकष आहे. पण दोन आकडे समोरासमोर ठेवताना कोणता रूपांतरित आणि कोणता कच्चा हे न पाहिल्याने भले भले अहवाल फसतात.

दुसरी मेख जास्त गंभीर. नियम पाळल्याचं दाखवायला मोजमाप करायलाच हवं असं नाही. एक वाट अशी: त्या मार्गावर, त्या उंचीवर, त्या महिन्यात ओझोन किती असतो याच्या सांख्यिकी तक्त्यांवरून ८४ टक्के खात्रीने मर्यादा ओलांडली जाणार नाही, एवढं दाखवायचं. ८४ टक्के म्हणजे सरासरीच्या वर एक प्रमाण विचलन. उरले १६ टक्के, म्हणजे सहातलं जवळपास एक उड्डाण तक्त्यापेक्षा जास्त ओझोनमधून जाऊ शकतं आणि तरी कागद नियमात बसतो. दुसरी वाट म्हणजे ओझोन नष्ट करणारं उपकरण बसवून ते मर्यादा राखतं हे सिद्ध करणं. लांब पल्ल्याच्या रुंद विमानांत बहुधा ही दुसरी वाट धरलेली असते. एका मार्गिकेच्या लहान विमानांत उपकरण असेलच असं नाही. खासगी जेट विमानं ४१ ते ५१ हजार फुटांवर उडतात, म्हणजे मधल्या अक्षांशांत जवळपास कायम स्थितांबरात, आणि वर सांगितलेला चार तासांच्या टप्प्यांचा कंपनी-नियम खासगी उड्डाणांना लागू नसतो.

पोटातला डबा

ओझोन नष्ट करणारं हे उपकरण म्हणजे ओझोन कन्व्हर्टर, दिसायला अगदीच साधा भाग. हवेच्या नळीतच बसवलेला, दोन्ही टोकांना पट्टे आवळून धरलेला धातूचा लांबट डबा. आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक समांतर छिद्रं, धातूच्या पत्र्याची किंवा सिरॅमिकची. छिद्रांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप, आणि त्या लेपात पसरलेला उत्प्रेरक, बहुधा पॅलेडियम. ओझोनचे दोन रेणू भिंतीवर मोडून ऑक्सिजनचे तीन रेणू बनतात. काही खर्ची पडत नाही, वीज लागत नाही, हलणारा भाग नाही.

तो नळीत कुठे बसवतात याला महत्त्व आहे. इंजिनातून काढलेली हवा आधी प्रीकूलरमध्ये थोडी निवते, मग कन्व्हर्टरमधून जाते, आणि त्यानंतर पोटाखालच्या वातानुकूलन संचात जाऊन खरी थंड होते. कन्व्हर्टर थंड बाजूला ठेवला तर उत्प्रेरक मंदावतो. १५०-२०० अंशांची हवा मिळाली तर हवा डब्यात काही मिलिसेकंदच असूनही नवा कन्व्हर्टर ९० टक्क्यांहून जास्त ओझोन मोडतो. बोइंग ७८७ मध्ये हवा इंजिनातून घेत नाहीत, विजेवरचे कॉम्प्रेसर ती बाहेरून थेट खेचतात. तिथे हवा तुलनेने कमी तापते, म्हणून कमी तापमानालाही चालणारा उत्प्रेरक लागतो. ‘इंजिनाची हवा नाही म्हणजे ओझोनही नाही’ असं जे ऐकू येतं ते चूक; ओझोन बाहेरच्या हवेत आहे, इंजिनात नाही.

बिघडतं काय? डबा फुटत नाही, गळत नाही. त्याची धार बोथट होत जाते. इंजिनाच्या सीलमधून सूक्ष्म प्रमाणात झिरपणाऱ्या तेलात फॉस्फरसची संयुगं असतात, हायड्रॉलिक द्रवातही. जमिनीवर रांगेत उभं असताना पुढच्या विमानाच्या धुरातलं गंधक आत येतं. दुरुस्तीत वापरलेल्या सीलंटमधून सिलिकॉन येतो. हे सगळं उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसतं आणि ओझोनला भिंतीपर्यंत पोचू देत नाही. धूळ आणि समुद्री मीठ छिद्रंच बुजवतात. सुरुवातीचे काही हजार तास फरक जाणवत नाही, कारण प्रक्रिया डब्याच्या पुढच्या भागातच उरकत असते आणि मागचा भाग राखीव असतो. तो राखीव भागही झाकला गेला की क्षमता घसरू लागते. विमानातल्या दोन वातानुकूलन संचांपैकी एकाचाच डबा खराब असेल तर हवा पुढे एकत्र मिसळते, आणि केबिनला मिळते दोन्हींची सरासरी.

उपाय माहितीचा आहे. उत्पादकाने ठरवलेल्या तासांनंतर डबा काढायचा, कार्यशाळेत ज्ञात प्रमाणाचा ओझोन ठरावीक तापमानाला त्यातून सोडून आत किती आणि बाहेर किती ते मोजायचं, रसायनांनी धुवायचा, पुन्हा मोजायचा. सुधारला नाही तर गाभा बदलायचा. नुसतं डोळ्यांनी पाहून काही ठरत नाही. स्वच्छ चकचकीत गाभा निकामी असू शकतो आणि काळपट पडलेला अजून चांगला चालू शकतो.

खरी अडचण पुढे आहे. बहुतेक प्रवासी विमानांच्या केबिनमध्ये ओझोनचा संवेदक नसतो. तेलाचा दाब पडला तर कॉकपिटमध्ये दिवा लागतो, केबिनचा दाब पडला तर मुखवटे खाली येतात. कन्व्हर्टर थकला तर काहीच होत नाही. तो किती तासांनी काढायचा एवढ्यावरच सगळी मदार. इतक्या स्वस्तात मोजता येणाऱ्या गोष्टीसाठी विमानात एक काटा नसावा हे पटत नाही, पण परिस्थिती अशी आहे.

एका प्रवासाचा हिशेब

आकडे हातात घेऊन पाहू. समजा २७,००० फुटांच्या वर आठ तास गेले. पहिले तीन तास तपस्तब्धीखाली, बाहेर ६० पीपीबी. पुढचे तीन तास सीमेच्या थोडं वर, ३०० पीपीबी. शेवटचे दोन तास आणखी वर चढून, ५०० पीपीबी. बाहेरची सरासरी: १८० अधिक ९०० अधिक १,०००, भागिले आठ, म्हणजे २६०.

कन्व्हर्टर नसला तरी नळ्या, भिंती, आसनं, माणसं मिळून काही ओझोन खातात. हिशेबात ०.७ उरतो असं धरायची पद्धत आहे. सरासरी २६० चे झाले १८२, समुद्रसपाटीला आणायला ०.७५ ने गुणलं की १३६ च्या आसपास. मर्यादा १०० ची, ओलांडली. शेवटच्या दोन तासांत ५०० गुणिले ०.७ गुणिले ०.७५, म्हणजे २६२. तात्कालिक मर्यादाही ओलांडली.

आता ९५ टक्के काम करणारा कन्व्हर्टर लावा. उरतो विसावा हिस्सा: सरासरी ७ च्या खाली, शिखर १३. शहरातल्या साध्या सकाळीपेक्षा कमी.

आणि थकलेला, ७० टक्केच काम करणारा? सरासरी ४१, शिखर ७९. नियमात आरामात बसतो. पण शेवटचे दोन तास कष्टाचं काम करणाऱ्या माणसाच्या वाट्याला ६० ते ८० पीपीबीच्या घरातली हवा आली, आणि हे कोणालाही कळलं नाही.

माणसं ओझोन खातात, आणि त्याचं काय करतात

केबिनमधली जवळपास निम्मी हवा गाळण्यांतून फिरवून परत आत सोडतात. या हेपा गाळण्या विषाणू-जिवाणू अडवण्यात पटाईत, पण ओझोन हा वायू. तो त्यांच्यातून आरपार जातो. केबिनमध्ये ओझोन सर्वाधिक खाणारा पृष्ठभाग आहे माणूस. त्वचेच्या तेलात स्क्वालीन नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. त्याच्या एका रेणूत सहा दुहेरी बंध, आणि प्रत्येक बंधावर ओझोन तुटून पडतो. केस, अंगात घातलेला सदरा, डोकं टेकून टेकून तेलकट झालेलं आसनाचं कापड, सगळीकडे हीच प्रक्रिया. नकली केबिन उभारून केलेल्या प्रयोगांत ओझोन घटण्यातला अर्ध्याहून मोठा वाटा माणसांचाच निघाला. भरलेल्या विमानात ओझोन रिकाम्या विमानापेक्षा कमी असतो तो यामुळे.

पण हे फुकट होत नाही. स्क्वालीन आणि त्वचेच्या तेलातली इतर स्निग्ध आम्लं मोडून ॲसिटोन, नोनॅनल, डेकॅनल अशी संयुगं हवेत येतात, आणि त्यातली काही डोळ्यांना-घशाला स्वतःच बोचतात. लिंबू-संत्र्याच्या वासाचे पुसणी कागद, अत्तरं, सफाईची द्रावणं यांत लिमोनीन असतं. ओझोनशी त्याची गाठ पडली की फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बनतात. म्हणून ओझोन मोजून कमी आला तरी तक्रारी उरतात, आणि उपाय एकच राहतो: ओझोन केबिनमध्ये पोचण्याआधी नळीतच मोडणं.

मोजायचं असेल तर

हातात मावणारे स्वस्त संवेदक रासायनिक पद्धतीचे असतात. त्यांना नायट्रोजन डायऑक्साइड आणि ओझोन यांतला फरक नीट कळत नाही, आणि कोरड्या, कमी दाबाच्या हवेत त्यांचा शून्यच सरकतो. विमानात त्यांनी दाखवलेल्या आकड्यावर भांडण उभं करू नये. भरवशाचं साधन म्हणजे २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशावर चालणारं फोटोमीटर. नमुना हवेची नळी टेफ्लॉनची हवी. रबराच्या नळीतून घेतलं तर ओझोन वाटेतच संपतो आणि आकडा खोटा कमी येतो. उपकरण स्वतःचा दाब आणि तापमान धरून पीपीबी काढतं की नाही ते आधी तपासावं. नमुना घ्यावा तो बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पण अंगापासून थोडा दूर, कारण माणसाभोवतीची हवा त्यानेच ओझोन खाऊन विरळ केलेली असते.

सोबत दर दहा मिनिटांनी उंची, बाहेरचं तापमान आणि अक्षांश नोंदवावेत. बाहेरचं तापमान उंचीबरोबर घटायचं थांबलं की विमान सीमेवर पोचलं, आणि त्याच सुमाराला आकडा चढू लागला तर उगम बाहेरचाच. आकडा जमिनीवर असतानाच चढलेला असेल तर तो ओझोन वरचा नाही. उपकरण तरी फसतंय किंवा विमानतळाच्या हवेतलं काही तरी मोजलं जातंय.

प्रवासी आणि कर्मचारी यांच्या हाती काय

विषाणूंसाठीचा एन-९५ मुखवटा वायूला अडवत नाही. सक्रिय कोळशाचा थर असलेला मुखवटा ओझोन बराच कमी करतो, कारण कोळशावर तो मोडतो. दम्याच्या रुग्णाने नेहमीचा श्वसनपंप सामानाच्या कप्प्यात नव्हे, खिशात ठेवावा, विशेषतः फेब्रुवारी ते मे या काळात उत्तरेच्या लांब मार्गावर. अंगावर अत्तर फवारून किंवा लिंबाच्या वासाच्या कागदाने टेबल पुसून बसू नये. डोक्यावरचा हवेचा झोत उघडून किंवा बंद करून ओझोन टळत नाही.

कर्मचाऱ्यांनी त्रासाची नोंद करताना ‘केबिनची हवा खराब’ असं मोघम लिहू नये. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, कोणत्या वेळी कोणती उंची, किती जणांना काय झालं, खाली उतरायला लागल्यावर किती मिनिटांत बरं वाटलं, हे लिहावं. उतरताना तपस्तब्धी ओलांडली की ओझोन काही मिनिटांत ओसरतो, म्हणून २५,००० फुटांच्या खाली येता येता छाती मोकळी झाली ही नोंद फार कामाची. तेलाच्या वाफांचा त्रास बहुधा उलट वागतो: इंजिन सुरू करताना, उड्डाणाच्या वेळी किंवा उतरताना इंजिनाची गती बदलते तेव्हा तो येतो. एकाच नोंदणी क्रमांकाच्या विमानाबद्दल अशा तीन-चार नोंदी जमल्या, तर पुढच्या तपासणीत त्या विमानाचे दोन्ही डबे ठरल्या वेळेआधी काढून मोजायला लावता येतात.